ब्रिटनीतल्या कोरीव पेटाऱ्यावरचे साल कितपत खरे मानावे?

अबोली_नांत (प्रश्न)

नमस्कार. मी गेली सहा वर्षे फ्रान्समध्ये नांत येथे राहते. मागच्या महिन्यात ब्रिटनी या फ्रान्सच्या वायव्य भागातल्या कँपेर शहराजवळच्या एका गावात जुन्या सामानाचा बाजार भरला होता, तेथून मी ओकच्या लाकडाचा एक कोरीव पेटारा घेतला. त्याची लांबी १४२ सेंटीमीटर आहे. दर्शनी बाजूला तीन दिल्हे (चौकटीत बसवलेल्या फळ्या) आहेत. कडेच्या दोहोंवर कंपासने आखून कोरलेली चक्रे आहेत आणि मधल्यावर येशूच्या नावाची ‘आयएचएस’ ही अक्षरे व त्याखाली १६८७ हे साल आहे. विक्रेत्याने तो सतराव्या शतकातला असून लग्नात मुलीबरोबर दिलेला असल्याचे सांगितले आणि त्याच भरवशावर मी बरीच रक्कम मोजली. घरी आणल्यावर मात्र पाठीमागच्या फळीवर कमानीसारखे ओरखडे दिसले. झाकणाखाली फिकट भुकटीही पडते. वरचा काळपट थर सोड्याच्या गरम पाण्याने धुऊन काढावा, असा सल्ला एकाने दिला आहे. कृपया जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

जुने_लाकूड

प्रथम एक विनंती: सोड्याचे पाणी त्याला लावू नका. ओकमध्ये टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असते, त्यामुळे क्षाराने ते लाकूड डागाळते, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या मेणाने व हातांच्या स्पर्शाने आलेली झळाळी एकदा गेली की परत आणता येत नाही.

आता सालाविषयी. कोरलेला आकडा हा पुरावा म्हणून सर्वांत शेवटी पाहावा, कारण तो नंतर कोरणे अगदी सोपे असते. पेटारा उलटा करून तळ आणि पाठ नीट तपासा. हाताने ओढलेल्या करवतीच्या खुणा सरळ, पण कमीजास्त अंतरावर असतात. कमानीसारखे ओरखडे गोल पात्याच्या यांत्रिक करवतीचे असतात आणि ती करवत एकोणिसाव्या शतकात रुळली. म्हणजे निदान ती फळी तरी १६८७ची नव्हे. पाठ नंतर बदललेली असू शकते, म्हणून एवढ्यावरून संपूर्ण पेटारा बाद करू नका.

सांध्यांतल्या लाकडी खुंट्या बोटाने चाचपून पाहा. जुना सुतार त्या लाकूड फाडून, हाताने तासून करत असे, त्यामुळे त्या पूर्ण गोल नसतात. शिवाय लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने आकसत गेल्याने त्यांची टोके किंचित वर आलेली हाताला लागतात. लोखंडी खिळे असल्यास त्यांच्याभोवती निळसर काळे वलय शोधा. लोखंड आणि टॅनिन यांच्या संयोगाने ते तयार होते. ओल लागली की ते लवकरही उमटते, म्हणून एकट्या वलयावर विसंबू नका.

कोकणकडा

वरील उत्तरात थोडी भर घालतो. ब्रिटनीतल्या शेतकरी घरांत पेटाऱ्यात कपडे ठेवत आणि धान्यही साठवत. तिकडे लाकडी दारे लावून बंद करता येणारे, कपाटासारखे पलंग असत. त्यांना ‘ली-क्लो’ म्हणतात. त्यांच्यापुढे एक लांब पेटारा ठेवलेला असे. त्यावर बसायचे, त्यावरच पाय देऊन पलंगावर चढायचे आणि आत सामान ठेवायचे, अशी एकाच वस्तूची तीन कामे होत. १८६३मध्ये कँपेरला रेल्वे पोहोचली आणि बाहेरून येणाऱ्यांमध्ये या कोरीव सामानाची आवड वाढत गेली. पुढे मोडीत निघालेल्या ली-क्लोंचे कोरीव भाग वापरून नवी कपाटे आणि पेटारे जोडले जाऊ लागले. म्हणून दिल्ह्याच्या कडा पाहा. नक्षी चौकटीखाली अर्धवट दडलेली असेल, तर दिल्हा दुसरीकडून कापून आणलेला आहे असे समजावे. कँपेरच्या ब्रतों (म्हणजे ब्रिटनीविषयीच्या) संग्रहालयात असे फर्निचर आहे. शक्य असल्यास तेथे जाऊन प्रत्यक्ष तुलना करावी.

जुने_लाकूड

भुकटीचे सांगायचे राहिले. एक-दोन मिलिमीटरची गोल छिद्रे ही कीड बाहेर पडल्याची खूण असते, आणि छिद्र जुने असले तरी हादऱ्याने त्यातून भुसा गळतो. खाली काळा कागद पसरून ठेवा आणि उन्हाळ्यात त्यावर नवी भुकटी पडते का ते पाहा. पडली, तरच उपचार करावा. एक गोष्ट मात्र मुद्दाम पाहा: छिद्रांऐवजी पृष्ठभागावर उघडी, नागमोडी पन्हळी दिसत असतील, तर लाकूड किडल्यानंतर तासले गेले आहे, म्हणजे जुन्या लाकडातून नवी वस्तू घडवली आहे.

अबोली_नांत

आपणा दोघांचे मनापासून आभार. काल शेजाऱ्यांच्या मदतीने पेटारा उलटा केला. तळाच्या फळ्यांवर तेच कमानीसारखे ओरखडे आहेत आणि एका फळीवर बोटभर लांबीची उघडी पन्हळी स्पष्ट दिसतात. डावीकडच्या चक्राच्या खालच्या दोन पाकळ्या चौकटीखाली गेलेल्या आहेत. दर्शनी दिल्हे मात्र आतून हाताने तासलेले आहेत. बोट फिरवले की त्यांवरच्या लाटा जाणवतात. पेटारा जोडलेला असला, तरी ते तीन दिल्हे जुने आहेत आणि ते मला फार आवडले आहेत. सोड्याचा विचार सोडला. खाली काळा कागद पसरला आहे. काही दिसल्यास येथे कळवीन.