मदत हवी आहे: कुणाला रंगावरून हिणवलं तर तिथल्या तिथे काय बोलावं?
नमस्कार मंडळी. गेल्या शुक्रवारी गोव्यात म्हापशाच्या बाजारात माझ्यापुढे एक आफ्रिकन मुलगी मयडे गावची केळी घेत होती. मागून कुणीतरी 'ए काळे, हो बाजूला' म्हणालं, दोघं-तिघं हसले. तिने हातातली फणी अलगद खाली ठेवली आणि निघून गेली. मी गप्प राहिले. तेव्हापासून चैन नाही.

२०१३ साली एका नायजेरियन माणसाच्या खुनानंतर काही नायजेरियन लोकांनी इथे गोव्यातच, पर्वरीला महामार्ग अडवला, तेव्हा राग सरसकट सगळ्या नायजेरियन लोकांवर निघाला होता. तेव्हाही आम्ही गप्पच. संविधानाचं कलम १४, म्हणजे कायद्यापुढे सगळे समान, हे परदेशी माणसालाही लागू आहे, एवढं ठाऊक आहे. पण बाजारात कलम कोण ऐकणार?

भांडण न पेटवता नेमकं काय बोलावं? आधी तिच्याशी बोलावं की त्या माणसाशी? कुणी असं केलं असेल तर कृपया सांगा. येत्या शुक्रवारी मी पुन्हा बाजारात जाणार आहे.