चर्चसाठी मिक्सर: अ‍ॅनालॉग की डिजिटल?

वसई_साऊंड: जुनं दगडी चर्च, आवाज फार घुमतो. वेदीवर 2 माईक, वाचनपीठावर 1, फादरांचा कॉलर माईक, गायकवृंदाला 6, शिवाय कीबोर्ड आणि गिटार. 16 चॅनलचा अ‍ॅनालॉग मिक्सर आता खरखरतो. दर रविवारी ऑपरेटर वेगळा असतो. मिस्सा (मुख्य उपासना) यूट्यूबवर थेट जाते. पुन्हा अ‍ॅनालॉगच घ्यावा की बेहरिंगर एक्स32सारखा डिजिटल?

फेडर_बस: तुमच्याकडे डिजिटलच. मुख्य कारण ऑटोमिक्स. उघडे माईक दुप्पट झाले की स्पीकरमधून शिट्टी (फीडबॅक) येण्याआधी मिळणारा आवाज 3 डेसिबलने घटतो. 1 ऐवजी 8 उघडे म्हणजे 9 डेसिबल गेले. घुमणाऱ्या इमारतीत शब्द कळत नाहीत त्यात याचा मोठा वाटा असतो. ऑटोमिक्स बोलणाऱ्याचा माईक वर ठेवून बाकीचे आपोआप खाली घेतो. एक्स32वर तो फक्त पहिल्या 8 चॅनलवर चालतो, म्हणून वेदी, वाचनपीठ आणि कॉलर तिथेच जोडा. गाण्याचे माईक त्यात घालू नका, सूर वरखाली होतील. बोलण्याच्या माईकना लो कट (खालचा घोगरा आवाज कापणारा फिल्टर) 120 हर्ट्झच्या आसपास द्या, रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) अजिबात नको.

यूट्यूबसाठी वेगळा स्टिरिओ बस (वेगळं मिक्स बाहेर नेणारी वाट) लावा. गायकवृंद आणि कीबोर्ड चर्चमध्ये तसेही ऐकू येतात, म्हणून स्पीकरमध्ये कमी ठेवले जातात. तेच मिक्स बाहेर गेलं तर घरी ऐकणाऱ्याला गाणं पोकळ लागतं. 4 ऑक्स (अशाच जादा वाटा) असलेल्या अ‍ॅनालॉगवर मॉनिटर (गायकांसमोरचे स्पीकर), इफेक्ट आणि प्रसारण यांतच ऑक्स संपतात.

केबलवाला: यूपीएस घेतल्याशिवाय डिजिटल लावू नका. वीज क्षणभर गेली तरी कन्सोल पुन्हा सुरू होईपर्यंत सगळं चर्च शांत. एक्स32ला साधारण 120 वॉट लागतात, 600 व्हीएचा यूपीएस पुरेल. त्यावर स्टेजबॉक्स (वेदीजवळ माईक जोडायची पेटी) आणि वायरलेस रिसीव्हरही घ्या, अ‍ॅम्प्लिफायर नाही.

वेदीजवळ एस16 हा स्टेजबॉक्स ठेवला तर 16 इनपुट आणि 8 आउटपुट एकाच केबलवर येतात, जुना स्नेक (माईकच्या वायरींची जाड जुडी) सुटतो. केबल शील्ड असलेली कॅट5ई हवी, सलग एकच, टोकांना धातूचे कनेक्टर. मधे नेटवर्क स्विच चालत नाही. साध्या प्लास्टिक टोकाच्या केबलवर स्थिर विजेचा झटका बसला की आवाज तुटतो.

खारी_हवा: 5-6 माईकचं कपेल (छोटं चर्च) असतं तर यामाहा एमजी16एक्सयू हा अॅनालॉग मिक्सर घ्या म्हणालो असतो. खाऱ्या हवेने पोटेन्शिओमीटर (नॉबमागचे भाग) खरखरू लागले तर कॉन्टॅक्ट क्लीनरने बरेचदा सुटतात, दुरुस्ती गावातच होते. डिजिटलचा बोर्ड गेला तर थांबावं लागतं. म्हणून जुना मिक्सर साफ करून ठेवा. वेदी आणि वाचनपीठ त्यावर दहा मिनिटांत जोडता येईल अशी सोय असू द्या.

वसई_साऊंड: एक्सआर18 (फेडर, म्हणजे सरकवायच्या दांड्या, नसलेला छोटा डिजिटल मिक्सर) टॅबलेटवर चालवला तर? पैसे वाचतील.

फेडर_बस: तुमचे 12 इनपुट त्यात बसतात, ऑटोमिक्सही आहे. पण ऑक्स बस 6च, आणि आतला वायफाय भरल्या चर्चमध्ये दगा देतो. 5 गिगाहर्ट्झचा वेगळा राउटर लावा, एक लॅपटॉप केबलने कायम जोडलेला असू द्या. ऑपरेटर बदलता आहे म्हटल्यावर माझा कल खऱ्या फेडरकडे: शिट्टी आली की हात थेट तिथे जातो. 'मिस्सा' नावाचा सीन (सगळ्या सेटिंगची नोंद) सेव्ह करा, मिस्सेआधी तोच लोड करायचा हे सगळ्यांना ठरवून द्या, आणि त्याची प्रत पेनड्राइव्हवर ठेवा.