भाचीले टीव्हीवरच्या डान्स शोत पाठवाचं हाये, फोनवाला पैसे मागून रायला, काय करू?

धानाची_बांधी:
रामराम मंडळी. आमी ब्रम्हपुरीजवळच्या खेड्यातले. माही भाची ११ वर्साची हाये, नाचते अशी का मंडईच्या जत्रेत दंडार (आमच्याकडचं लोकनाट्य) पाहाले आलेले लोकं दंडार सोडून तिलेच पाहाते (थोडं वाढवून सांगतो, मामा हाव ना). कोनीतरी तिचा व्हिडिओ टाकला न् परवा एकाचा फोन आला, हिंदीत बोले, म्हणे पोट्टी डान्स शोसाठी सिलेक्ट झाली, रजिस्ट्रेशन न् ड्रेसचे साडेआठ हजार आजच्या आज टाका नाईतर नंबर दुसऱ्याले देतो. ताई म्हणते डोरलं गहाण ठेवतो पण पाठवतो, भाटवे म्हणते आधी धानाचा चुकारा तर येऊ दे. कोनाले अनुभव असन तं सांगा.

पवनीचा_पावना:
एक रुपया टाकू नोको गा! ऑडिशन झाली नाई न् सिलेक्शन कसं काय झालं? मोठे चॅनेलवाले ऑडिशनचे पैसे घेत नाई, एन्ट्री त्यायच्याच ॲपवर नाईतर साइटवर टाका लागते. पैसे गेले असन तं आत्ताच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनले, १९३० वर फोन लाव, उद्यावर ठेवू नोको.

बुगीवुगीच्या_जमान्यातला:
माह्या पोराले नागपूरले घेऊन गेलतो एका शोच्या ऑडिशनले, शोचं नाव नाई सांगत. सकाळी ७ पासून लाइनीत, दुपारी ४ ले नंबर आला, नाच मिनिटभर पाह्यला न् बाकी टाइम घरचंच विचारत बसले. बाबा काय करते? धान करते. कर्ज हाये का? पोरगं म्हणे सोसायटीचं होतं, फेडलं. घरी काही दुःखाचं हाये का? पोरगं म्हणे आजीचे गुडघे दुखते 😂 झालं, थँक्यू बेटा. विदर्भातला शेतकरी म्हटलं का त्यायले रडतच पायजे वाटते. १९९६ ले बुगी वुगी सुरू झालं तवा गावात एकाच घरी केबल होती, आमी खिडकीतून पाहू, तवा नुसता नाच पाह्याची मजा होती. मंग २००९ ले डान्स इंडिया डान्स आलं, त्याच्यात ट्रेनिंग मात्र जबर होतं हे मानाच लागन. पोट्टीले आधीच सांगून ठेव, जे हाये तेच बोल.

वडसा_नाईट:
मी झाडीपट्टीच्या नाटकायत सात सीझन नाचलो, दिवाळीपासून होळीपर्यंत रातभर. आमच्या स्टेजवर चुकलं तं पब्लिक शिट्ट्यात भागवून घेते, कॅमेरा नाई भागवत. व्हिडिओ एका झटक्यात काढ, कट नोको, पाय दिसले पायजे, मोबाईल कशावर तरी टेकवून ठेव, हातात धरू नोको. न् तेच ते हिपहॉप कायले? मुंबईत ते गल्लीगल्लीत हाये. गडचिरोलीकडचा रेला नाच शिकव तिले, पण शिकव माडिया-गोंड लोकायकडूनच, यूट्यूबवरून नाई.

पवनीचा_पावना:
रेला एकटीनं कसा नाचन भाऊ, तो तं हातात हात घालून करते सारे

वडसा_नाईट:
हाव बाप्पा, ते बी खरं हाये. मंग चार पोट्ट्या घेऊन ग्रुपमधी टाका.

नागपूरची_ताई:
सगळे नाचाचंच बोलताहेत, पण मुलगी ११ वर्षांची आहे ना, म्हणून सांगते. लहान मुलांना शोमध्ये घ्यायचं असेल तर निर्मात्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग ३ तासांच्या वर विश्रांतीशिवाय नाही, सलग २७ दिवसांच्या वर तर अजिबात नाही. आणि मानधनाचे किमान २० टक्के मुलीच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत एफडी करावे लागतात. सिलेक्शन झालंच तर सही करायच्या आधी कागद वाचायला मागा, कितीही घाई केली तरी. शाळेतही आधी बोलून ठेवा.

धानाची_बांधी:
लय आभार सगळ्यायचे. मी त्या फोनवाल्याले म्हटलं का पैसे हातातच देतो, वडश्यावून गोंदिया न् तिथून विदर्भ एक्सप्रेसनं सकाळी मुंबईत उतरतो, ऑफिसचा पत्ता सांग. तवापासून फोन बंद हाये त्याचा. ताईचं डोरलं वाचलं. आज खऱ्या ॲपसाठी व्हिडिओ काढून रायलो होतो, अंगणात चांगला रंगला होता नाच, मधातच शेरडी आली. उद्या परत काढतो.