तीन सुती रॅचेट: जास्त दाते घ्यावेत की दुरुस्त होणारं?

पाना_पक्कड:
गॅरेजच्या रोजच्या कामाला तीन सुती (३/८ इंची चौकोनाचं) रॅचेट, म्हणजे एकाच दिशेने पकडणारा सॉकेटचा दांडा, हवंय, काम मुख्यतः मोटारींचं. नेप्रोस एनबीआर३९० (९० दाते), श्टालविले ४३५ क्यूआर एन (८०), स्नॅप-ऑन ड्युअल ८० आणि गिअररेंच १२०एक्सपी, या चारांवर गाडी अडलीय. जास्त दाते म्हणजे जास्त चांगलं का? आणि पुढे घसरायला लागलं तर आतलं सामान बदलता येतं का?

सूत_आणि_मिमी:
३६० ला आतल्या गिअरच्या दात्यांनी भागा, पुढचा दात पकडायला दांडा किती अंश फिरवायचा ते कळतं. ३६ दाते म्हणजे १०°, ७२ म्हणजे ५°, ९० म्हणजे ४°. दांडा २०० मिमी धरला तर पुढचा दात पकडायला टोक अनुक्रमे ३५, १७.५ आणि १४ मिमी हलवावं लागतं. म्हणजे ३६ वरून ७२ वर गेलात की हाताला कळतं. ७२ वरून ९० ला मिळतात जेमतेम साडेतीन मिमी. इंजिन आणि फायरवॉलच्या (इंजिनामागच्या पत्र्याच्या भिंतीच्या) सापटीत तेवढेही लागतात, एरवी नाही.

१२०एक्सपीचा आकडा फसवा आहे. गिअरला दाते ६०च. वर-खाली दोन पॉल (दात्यांत अडकणारे खटके) अर्ध्या दाताच्या फरकाने बसवलेत, ते आळीपाळीने पकडतात. चाल ३° मिळते, वाईट नाही, पण १२० दाते नव्हेत.

कुत्रा_घसरला:
दात्यांआधी उलट चाल बघा. बोल्ट ढिला झाला की उलट चालीला जड असलेलं रॅचेट मागे नेताना बोल्टही मागे येतो आणि तुम्ही तिथेच. दुकानात पुढचा चौकोन (ज्यावर सॉकेट बसतं) दोन बोटांच्या चिमटीत धरून दांडा मागे न्या. चौकोन बोटांतून निसटला तर ठेवून द्या.

आता दुरुस्ती. रॅचेट घेण्याआधीच त्याच मॉडेलचं रिपेअर किट विक्रेत्याकडे मिळतं का ते विचारा, आणि जमलं तर एक सोबतच घ्या. किटमध्ये गिअर, पॉल (आपला कुत्रा) आणि स्प्रिंग हवी. नुसता पॉल बदलू नका. झिजलेल्या गिअरवर नवा पॉल दाताच्या टोकावरच बसतो आणि जोर आला की सटकतो.

पाना_पक्कड:
उघडायचं कसं? आणि ग्रीस कोणतं?

कुत्रा_घसरला:
मागे सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी) असेल तर सर्क्लिप प्लायर, झाकण असेल तर त्याच्या स्क्रूला बारीक टॉर्क्स (चांदणीच्या टोकाची) किंवा अ‍ॅलन (सहाकोनी) की. हे सगळं पारदर्शक पिशवीत हात घालून करा, स्प्रिंग आणि छर्रा उडाला की गेला. सुटं करण्याआधी फोटो काढा, पॉल उलटा बसला तर दिशा उलटी होते. रॉकेलने धुवा, वाळवा. दात्यांची टोकं गोल झालीत का ते भिंगातून पाहा. टोकं धारदार असतील तर किट लागणारच नाही. निम्म्या वेळा घसरण्याचं कारण घट्ट झालेली घाण असते.

बेअरिंगचं जाड ग्रीस ठासून भरू नका. पॉल त्यात चिकटतो, स्प्रिंग त्याला वेळेत परत ढकलू शकत नाही आणि तो अर्धवट पकडीतच जोर घेतो. दाते तुटतात ते असे. दात्यांवर पातळ ग्रीसचा हलका हात, पॉलच्या खाचेत शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब.

सूत_आणि_मिमी:
आणि दांड्यावर पाइप चढवू नका. गंजलेल्या बोल्टचा पहिला झटका चार सुती ब्रेकर बारने (आत रॅचेट नसलेल्या लांब दांड्याने) द्या, रॅचेट त्यानंतर. चारांतलं माझं मत श्टालविलेला, पण किट हातात मिळत असेल तरच. नाहीतर ज्याचं मिळतं ते घ्या.