गाडी चढावर दम सोडते, पेट्रोलचं प्रेशर २.१ बार, फ्युएल पंप बदलू का?

प्रश्न: पेट्रोल एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला इंजेक्टर), रिटर्न लाइनवाली, म्हणजे जास्तीचं पेट्रोल टाकीत परत जातं. रेग्युलेटरची (प्रेशर ठरावीक ठेवणारा भाग) व्हॅक्यूम नळी काढून आयडलला गेजवर २.१ बार, मॅन्युअलमध्ये ३. पी०१७१ कोड (मिश्रणात पेट्रोल कमी) आहे. गॅरेजवाला म्हणतो पंपच गेला.

उत्तर १: थांबा दादा. रिटर्नची रबरी नळी एक-दोन सेकंदच दाबा. काटा झटकन ४ च्या वर गेला तर पंप ठीक, रेग्युलेटर गळतोय. व्हॅक्यूम नळीत पेट्रोल सापडलं तर त्याचा पडदा फाटलाय, प्रश्नच मिटला.

प्रश्नकर्ता: दाबली. जेमतेम २.४. व्हॅक्यूम नळी कोरडी.

उत्तर २: मग पुरवठ्याची बाजू. पण टाकी उघडण्याआधी व्होल्टेज बघा, तेही पंप चालू असताना. प्लग काढून मोजलंत तर गंजलेली वायरही पूर्ण १२ दाखवते, कारण करंटच वाहत नाही. बॅटरी प्लस ते पंप प्लस आणि पंप मायनस ते बॅटरी मायनस, दोन्हीकडचा ड्रॉप (वाटेत वाया जाणारे व्होल्ट) मोजा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला की रिले (पंपाला करंट देणारा स्विच), कनेक्टर किंवा अर्थ (बॉडीला जोडलेली मायनस वायर) तपासा.

उत्तर ३: वायरिंग ठीक निघालं तर फिल्टर, मग टाकीतली जाळी. नवा पंप बसवून जुनी जाळी ठेवली तर तोही लवकर जातो. आणि गेज काढण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडू द्या; गरम मॅनिफोल्डवर पेट्रोल उडणं परवडणारं नाही.

प्रश्नकर्ता: अर्थच्या बाजूला २.३ व्होल्ट ड्रॉप! मागच्या सीटखालचा बोल्ट गंजलाय.

उत्तर २: घासून, घट्ट करून पुन्हा गेज लावा. पंप नंतर.