कार्ड फॉरमॅट करण्याआधी हे बघा

फोनच्या मेमरी कार्डातली गाणी फाइल मॅनेजरमध्ये दिसतात पण प्लेअरमध्ये बरीचशी येत नाहीत, आणि जी येतात त्यातली काही मध्येच तुटतात, असं तुम्ही लिहिलंय. वर कुणीतरी कार्ड फॉरमॅट करायचा, म्हणजे पूर्ण पुसायचा सल्ला दिलाय, पण कृपया इतक्यात करू नका, कार्डातले फोटोही जातील. मला या दोन वेगळ्या तक्रारी वाटतात.

न दिसण्याचं सोपं आहे. अँड्रॉइडवरचे बहुतेक प्लेअर फोनने बनवलेल्या यादीवरून गाणी दाखवतात. फोल्डरमध्ये 'डॉट नोमीडिया' (.nomedia) नावाची फाइल असली की तो फोल्डर त्या यादीत येतच नाही. फाइल मॅनेजरमध्ये लपलेल्या फाइल दाखवायचा पर्याय चालू करा, ती उडवा आणि फोन रीस्टार्ट करा.

तुटण्याची मात्र मला जास्त काळजी वाटते. तेच गाणं फोनच्या मेमरीत कॉपी करून वाजवा. तिथेही त्याच जागी अडकलं, किंवा कॉपीच अर्धवट राहिली, तर कार्डातली फाइल खराब आहे. कार्ड स्वस्तात घेतलंय का? नकली कार्डात चिप समजा 8 जीबीची असते आणि फोनला 64 सांगते. खरी जागा संपली की पुढच्या फाइलचं नाव दिसतं, साइझ दिसते, आत गाणं नसतं! आधी सगळं कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, मग रिकाम्या कार्डावर विंडोजवर चालणारं 'एच2टेस्टडब्ल्यू' (H2testw) हे कार्ड तपासायचं सॉफ्टवेअर चालवा. ते अख्खं कार्ड भरून परत वाचून बघतं, वेळ लागतो. निकालात एरर आल्या तर कार्ड सरळ बदला, त्यावर घरचे फोटो पुन्हा ठेवू नका.