मांजरपाट, चिक, नेफा: मांजरांच्या घरातील पडद्यांचे शब्द

प्रश्न

आमच्या भाड्याच्या घरात दोन मांजरे आहेत आणि चार खिडक्यांना कमी खर्चात पडदे करून घ्यावयाचे आहेत. मी नेलेले जाळीदार कापड पाहून शिंप्याने ते परत करावयास सांगितले आणि "मांजरपाट आणा, तुमच्या घरी तेच टिकेल" असा सल्ला दिला. या शब्दात खरोखर मांजर आहे का, हे जाणून घेण्याची इच्छा आहे. दुसरी शंका अशी, की दुकानदार ज्याला ब्लाइंड म्हणतात, त्याला मराठीत पडदा म्हणावे, चिक म्हणावे की झडप? शिवाय मांजरांनी जुन्या पडद्यांचे जे केले आहे ते सांगताना मी दर वेळी "फाडले" एवढेच म्हणतो आणि शिंपी दर वेळी पडदा प्रत्यक्ष आणावयास सांगतो. याहून नेमके शब्द आहेत का?

प्रतिसाद १

मांजरपाटात मांजर नाही. पांढरे न केलेले, किंचित पिवळसर, जाडेभरडे सुती कापड म्हणजे मांजरपाट. बंड्या, चड्ड्या, परकर, पिशव्या आणि अस्तर यांसाठी ते आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले. याच कापडाला मादरपाट असेही म्हणतात, आणि ही दोन्ही रूपे शेजारी ठेवली म्हणजे काय घडले असावे याचा अंदाज येतो. मूळ ओळखीचे न राहिलेल्या शब्दाला लोकांच्या जिभेने घरातल्या प्राण्याचे रूप दिले, असे माझे मत आहे. कालिकत या बंदरावरून इंग्रजीत कॅलिको हे कापडाचे नाव रूढ झाले, तेव्हाही मूळ उच्चार असाच बदलून गेला होता. कापडांची नावे मालाबरोबर प्रवास करतात आणि ज्या गावी पोहोचतात तिथल्या ओळखीच्या शब्दांचा आधार घेतात.

शिंप्याचा सल्ला मात्र शब्दाच्या योगायोगावर बेतलेला नाही, तो कापडाच्या विणीवर बेतलेला आहे. जाळीदार किंवा सैल विणीच्या कापडात मांजराचे नख अडकते, मांजर पंजा मागे खेचते आणि धागा लांबवर ओढला जातो. मांजरपाटाची वीण साधी आणि घट्ट असते, उभ्याआडव्या धाग्यांत नख शिरावयास फट कमी असते आणि पृष्ठभागावर गोळे किंवा फासे नसतात, त्यामुळे नख बहुधा घसरून जाते. ते स्वस्त असल्यामुळे एक पडदा बाद झाला तरी तेवढाच बदलता येतो, आणि भाड्याच्या घरात हे मोठे सोयीचे आहे.

येथे दोन शब्द लक्षात ठेवावेत. पहिला "खळ": कोऱ्या मांजरपाटाला खळ असते, म्हणून ते दुकानात जितके कडक वाटते तितके धुतल्यावर राहत नाही. दुसरा "आटणे": दूध आटते तसे कापडही आटते, आणि मांजरपाट चांगलेच आटते. म्हणून मापे घेण्यापूर्वी कापड पाण्यातून काढावे. "पाण्यातून काढणे" हा शिवणकामातला नेमका वाक्प्रचार आहे; "धुणे" म्हटले की साबण आणि मळ यांचा विचार येतो, येथे हेतू फक्त आधीच आटवून घेण्याचा असतो.

प्रतिसाद २

ब्लाइंडसंबंधी लिहितो. पडदा हा फारसी "पर्दा" या शब्दावरून आला आहे. हिंदीत "र" टिकला, मराठीत "ड" आला, आणि आता तो आपल्या कानाला "पडणे" या क्रियापदाचाच सोयरा वाटतो. "पडदा पडला" म्हणताना दोन वेगळ्या कुळांचे शब्द शेजारी आहेत हे कोणाच्या ध्यानीही येत नाही. कापडाचे असो वा पट्ट्यांचे, जे आड येऊन दृष्टी अडवते ते सर्व पडदाच, म्हणून सर्वसाधारण शब्द म्हणून तोच वापरावा. बिजागरीवर उघडमीट होणारे लाकडी पान म्हणजे झडप. तिला ब्लाइंड म्हणता येणार नाही.

चिक मात्र अधिक नेमका आहे. बांबूच्या बारीक काड्या दोऱ्याने एकमेकींना बांधून केलेला, गुंडाळून वर बांधता येणारा पडदा म्हणजे चिक. दरबाराच्या वर्णनांत स्त्रिया चिकाच्या पडद्याआड बसत, कारण आतून बाहेरचे दिसते आणि बाहेरून आतले दिसत नाही. तो "चीक", म्हणजे झाडाचा किंवा व्यालेल्या गाईचा, याहून वेगळा शब्द आहे. उच्चारात फरक अंधुक असला तरी लिहिताना ऱ्हस्वदीर्घ सांभाळावे.

आपल्या घरासाठी मी चिक सुचवणार नाही, आणि हे सांगताना मला वाईट वाटते, कारण उन्हाळ्यात तिच्यासारखी स्वस्त सावली दुसरी नाही. बांबूच्या काड्या मांजराला नखे परजण्यासाठी फार आवडतात, आणि बांधणीचा एक दोरा तुटला की काड्या एकामागून एक सुटू लागतात. आडव्या पट्ट्यांच्या ब्लाइंडचीही तीच गत होते: बाहेर पाहण्यासाठी मांजर पट्ट्यांमध्ये डोके घालते आणि पट्ट्या कायमच्या वाकतात.

त्याहून गंभीर गोष्ट दोरीची आहे. लोंबती दोरी मोकळी असेल तर ती दोरी. तिची दोन टोके जुळून वळसा तयार झाला की तो फास होतो, आणि येथे शब्द बदलतो तसा धोकाही बदलतो. मी अमेरिकेत राहतो. येथे १५ डिसेंबर २०१८ पासून तयार मापात विकल्या जाणाऱ्या ब्लाइंडना हाताशी येणारी दोरी नसावी असे मानक लागू झाले. ते लहान मुलांच्या गळ्याला फास बसू नये म्हणून झाले, परंतु मांजराचा गळा त्याहून सुरक्षित नाही. दोरीचा पडदा आधीच बसवलेला असेल तर वळसा कापून दोन टोके वेगळी करावीत आणि ती भिंतीवरच्या खुंटीला उंचावर गुंडाळावीत.

प्रतिसाद ३

शेवटच्या शंकेबाबत. शिवण सुटली तर पडदा "उसवला", कापड तुटले तर "फाटला", वापराने पातळ झाले तर "विरला". उसवलेल्याला टीप मारावी लागते, फाटलेल्याला ठिगळ किंवा रफू करावे लागते, आणि विरलेल्या कापडावर खर्च करू नये. आपल्या घरी बहुधा चौथा प्रकार अधिक असेल: "धागा ओढला गेला". असा धागा कापू नये, सुईने कापडाच्या मागच्या बाजूस ओढून घ्यावा. कापला तर तेथे भोक पडू लागते. मांजराच्या कृतीलाही वेगवेगळे शब्द आहेत. हाताला बोचकारते, रागाने ओरबाडते, पण पडद्याशी किंवा सोफ्याशी ते नखे परजते, आणि त्यात राग मुळीच नसतो. ज्या घरात हा भेद ठाऊक असतो तेथे मांजराला मार न मिळता काथ्या गुंडाळलेला खांब मिळतो.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल आभार. कापड पाण्यातून काढून वाळवले आहे. आमच्याकडे खिळ्यांच्या मध्ये ताणलेली स्प्रिंग होती. मोठे मांजर पडद्याला लोंबकळले की ती झोळीसारखी खाली येई. आता दांडी लावणार असून तिच्यासाठी रुंद नेफा ठेवण्यास शिंप्याला सांगितले आहे. नाडीचा असो वा पडद्याचा, नेफा हाच शब्द चालतो, असे त्यानेच सांगितले.

लिहिताना आणखी एक गोष्ट ध्यानात आली. मांजर "खिडकीत" बसते असे आपण म्हणतो, "खिडकीवर" किंवा "खिडकीजवळ" असे म्हणत नाही. जाड भिंतींच्या जुन्या घरांत खिडकी म्हणजे बसता येईल एवढी खोल जागा असे, आणि भाषेने ती जागा आजच्या अरुंद कट्ट्यालाही देऊन ठेवली आहे. मांजराला ती जागा हवी असते, पडदा त्याच्या वाटेत येतो, म्हणून ते तो ओढते. त्यामुळे चारही पडदे कट्ट्यापासून एक वीत वर ठेवून शिवावेत, असे शिंप्याच्या चिठ्ठीवर लिहून दिले आहे.